गावातील आरोग्य-संशोधन : कार्यकर्त्यांनी घ्यावयाची दक्षता

नव्या खताचा गुण पारखताना तुलनेसाठी एक वाफा खताविना ठेवतात. परंतु माणसे म्हणजे वाफे नव्हेत.

छत्रपती संभाजीनगर विभागातील धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गावसमूहांनुसार चार गट केले. तीन गटांना निरनिराळ्या तपासण्या मिळाल्या. चौथा गट नेहमीच्या आरोग्यसेवेवरच राहिला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणू-तपासणीच्या गटात या रोगाने ३४, तर जवळजवळ तेवढ्याच मोठ्या चौथ्या गटात ६४ मृत्यू झाले होते. ज्ञान मोलाचे मिळाले. परंतु चौथ्या गटाला तपासणीविना ठेवण्यावर आक्षेपही घेतला गेला.

म्हणून संशोधक गावात आल्यास कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. हेतू, धोके आणि कोणत्या गटाला काय मिळणार नाही, हे सोप्या मराठीत सांगितले जावे.

२. संमती प्रत्येकाची स्वतंत्र घ्यावी. सरपंचांची परवानगी पुरेशी नाही. नकार देणाऱ्याची नेहमीची सेवा बंद होता कामा नये.

३. रोग आढळल्यास उपचार कोण करणार, हे आधीच ठरवावे.

४. निष्कर्ष ग्रामसभेत सांगावेत व गुणकारी ठरलेला उपाय तुलनेच्या गावांनाही मिळावा.