उंबरठ्याबाहेरचे शिक्षण

जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात प्रशिक्षणासाठी प्रथम आलेल्या खेड्यांतील स्त्रियांना सर्वांत अवघड गेले ते औषधांची ओळख करून घेणे नव्हे, तर स्वतःचे नाव सांगणे. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच त्यांची जन्मभराची ओळख होती. शिकलेल्या माणसांपुढे मान वर करून आपले नाव उच्चारण्याचा प्रसंग त्यांच्यापैकी बहुतेकींवर तोवर आलेलाच नव्हता. म्हणून प्रशिक्षणाचा आरंभ आरोग्यशास्त्राने न होता या नावापासूनच करावा लागला.

सवयीच्या रिंगणाबाहेर पाऊल टाकल्यावाचून माणूस वाढत नाही, हे विधान आपण भाषणांतून वारंवार ऐकतो. ते खोटे नाही. परंतु ते ज्या सहजतेने केले जाते, ती सहजता मात्र संशयास्पद आहे. रिंगणात राहणाऱ्याला आपण आळशी किंवा भित्रा समजतो. वस्तुतः पुष्कळांच्या दृष्टीने ते रिंगण सुखाचेही नसते. ते केवळ ओळखीचे असते. कोणाच्या दारात कुठवर जायचे, कोणासमोर बोलायचे नाही, कोणत्या गोष्टीवर बोलणी बसतात, हे त्यात ठाऊक असते. भूमिहीन शेतमजूर स्त्रीला त्या रिंगणाबाहेर पडण्याची किंमत चांगलीच मोजावी लागते. तिला 'धाडस कर' असा उपदेश करणे सोपे आहे. बाहेर पडणे तिला कोणत्या परिस्थितीत शक्य होते, हा खरा अभ्यासाचा विषय आहे, आणि त्यासाठी जामखेडचे उदाहरण आजही मोलाचे आहे.

एक फसलेला प्रयोग

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० साली ते तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्यात आले आणि एका जुन्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या जागेत त्यांनी काम सुरू केले. पुढची दोनतीन वर्षे महाराष्ट्राला भीषण दुष्काळाची गेली. रुग्णालयात येणारे बहुतेक आजार घरातच टाळता येण्याजोगे आहेत, हे त्यांनी पूर्वीच्या अनुभवावरून जाणले होते. तेव्हा आरोग्यसेवा गावात नेली पाहिजे, हे उघड होते. प्रश्न होता ती कोणी न्यायची हा.

प्रथम त्यांनी प्रशिक्षित परिचारिका गावोगावी ठेवून पाहिल्या. तो प्रयत्न यशस्वी झाला नाही. बाहेरगावाहून आलेल्या तरुण मुलीला परक्या खेड्यात एकटीने राहणे अवघड, असुरक्षितही. शिवाय तिने बाळंतपणाविषयी सांगितलेले चार पोरांच्या आईला पटणार कसे? या परिचारिकांना दोष देता येणार नाही. त्यांनाही कोणी तरी सरावाच्या रिंगणातून उचलून एकदम अनोळखी ठिकाणी नेऊन ठेवले होते, आणि पाठीशी कोणी नव्हते.

त्यानंतर गावातलीच एक स्त्री गावानेच निवडायची, असा मार्ग निघाला. निवडल्या गेलेल्या अनेकजणी निरक्षर, मध्यमवयीन आणि दलित वा अन्य उपेक्षित समाजांतील होत्या. काहींना नवऱ्याने टाकलेले होते. बाळ जन्मल्यावर पहिले दोनतीन दिवस आईचे दूध पाजू नये, हगवण लागलेल्या मुलाचे पाणी तोडावे, अशा समजुतींत त्या स्वतःही वाढलेल्या होत्या. त्यांनी प्रथम स्वतःचेच जुने शिकणे बाजूला सारायचे होते.

प्रशिक्षणाची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. स्त्रियांना महिनोन्महिने घरापासून तोडून एखाद्या वसतिगृहात ठेवले गेले नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या गावी परतत. एका आठवड्यात एखादाच विषय: स्वच्छ हात, नवे पाते आणि उकळलेला दोरा यांनी बाळाची नाळ कशी कापावी, साखर-मिठाचे पाणी कसे करावे, गरोदर स्त्रीच्या पायांवरील सूज का पाहावी. तेवढे घेऊन गावात जायचे, करून पाहायचे, आणि काय जमले, कोणी हिडिसफिडिस केली, हे पुढच्या आठवड्यात येऊन सांगायचे. सर्व जातींच्या स्त्रिया एकत्र जेवत व एकत्र झोपत. आरंभी हे सोपे नव्हते. परंतु मला वाटते, औषधोपचारांच्या शिक्षणाइतकेच या पंगतीने काम केले. ज्या स्त्रीला गावात दुसऱ्यांच्या ओट्यावर चढता येत नव्हते, ती आठवड्यातून एक रात्र तरी बरोबरीच्या नात्याने राहून आलेली असे.

गावात या कार्यकर्तींना लगेच मान मिळाला असे नव्हे. वरच्या जातीच्या घरांची दारे त्यांना बंद होती. ती उघडली ती घरात मूल आजारी पडल्यावर. अशा वेळी तिच्यामागे दोन गोष्टी उभ्या असत. फिरते आरोग्य पथक ठराविक दिवशी गावात येई आणि डॉक्टर गावकऱ्यांदेखत तिचा सल्ला घेत. तिने पाठवलेल्या रुग्णाची रुग्णालयात कदर होई. ती एकटी पडलेली नव्हती.

परिणाम आकड्यांतही दिसला. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजार जिवंत जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, हे प्रमाण ५२ वर आले. याचे श्रेय एकट्या कार्यकर्तींना देता येत नाही. पाणी, पोषण, तरुण शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे यांचा त्यात वाटा आहे. १९७९ साली आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली व डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. गावातलीच स्त्री गावाची आरोग्यसेविका होऊ शकते, ही कल्पना मात्र २००५ पासूनच्या 'आशा' योजनेमुळे आता देशभर परिचयाची झाली आहे.

ताण किती असावा

शिक्षकांना हा भाग अपरिचित नसेल. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उंदरांना दोन पेट्यांतील फरक ओळखण्यास शिकवले. चूक झाली की विजेचा झटका बसे. फरक सोपा असताना झटका जोराचा असूनही उंदीर लवकर शिकले. फरक अवघड केला, तेव्हा जोराच्या झटक्याने शिकणे उलट मंदावले आणि मध्यम झटका उपयोगी ठरला. उंदरांवरून माणसांविषयी फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरे. पण अवघड गोष्ट शिकणाऱ्याला आणखी घाबरवू नये, हे कोणत्याही चांगल्या गुरुजींना प्रयोगावाचूनही ठाऊक असते. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉटस्की याने हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने मांडली. मुलाला आज जे एकट्याला जमत नाही पण जाणत्याच्या मदतीने जमते, तेथेच शिकवण्याची खरी जागा असते.

खुर्चीचे रिंगण

आतापर्यंत आपण त्या स्त्रियांविषयीच बोललो. परंतु जामखेडमध्ये रिंगण मोडावे लागले ते त्यांनाच नव्हे. डॉक्टरलाही आपले ज्ञान निरक्षर स्त्रीच्या हाती सोपवावे लागले आणि रुग्णासमोर तिचे म्हणणे ऐकून घ्यावे लागले. पदवीधराला हे पाऊल अधिक जड जाते, असे माझे मत आहे. गरिबाचे रिंगण त्याला टोचत तरी असते. आमचे गादीचे असते.

याबाबतीत मी स्वतःलाही वगळत नाही. शासकीय योजनांची माहिती टेबलाशी बसून शुद्ध भाषेत लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली. एकदा एका ग्रामसभेत योजनेची माहिती देण्याचे काम अचानक माझ्यावर आले. मी खिशातून कागद काढला आणि वाचू लागलो. दोन परिच्छेद झाले असतील, तोच मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "साहेब, कागद राहू द्या. आमच्या वस्तीवर पाणी कधी येणार तेवढं बोला." मला उत्तर ठाऊक नव्हते. 'ठाऊक नाही, विचारून सांगतो' एवढे शब्द तोंडातून निघायला मला जितका वेळ लागला, तितका वेळ त्या कागदातील कोणताही संस्कृतप्रचुर शब्द उच्चारायला लागला नसता. पुढे उत्तर घेऊन त्या गावी पुन्हा गेलो, तेव्हा कागद नेला नाही.

पंचायतीच्या सदस्या

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतराज संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. कायद्याने दार उघडले. परंतु निवडून आलेल्या अनेक सदस्यांची अवस्था जामखेडला एकट्या पडलेल्या परिचारिकांसारखीच होते. खुर्ची मिळते, पण बोलतो नवरा किंवा दीर, आणि बाई सही करते. तिला दोष देण्याचा आपला परिपाठ आहे.

ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. बऱ्याच ठिकाणी ती केवळ कागदावर उरकली जाते. ग्रामसेवकांनी तिच्याकडे जामखेडच्या साप्ताहिक मुक्कामाच्या नजरेने पाहावे. ओळखीच्या बायकांत आधी बोलायचे, आणि तेच वाक्य नंतर भरल्या सभेत बोलायचे, अशी ती पायरी आहे. सदस्येला पहिल्याच सभेत अंदाजपत्रकावर बोलायला लावणे म्हणजे जोराचा झटका देणे. तिला आपल्या वस्तीतील हातपंपाचा अहवाल द्यायला सांगावे. त्या विषयात सभेतील कोणापेक्षाही ती अधिक जाणकार असते.

काही वर्षांपूर्वी नवनिर्वाचित सदस्यांच्या एका प्रशिक्षणवर्गाचे वृत्त घेण्यास मी गेलो होतो. ओळख करून देण्याची वेळ आली तेव्हा एका ताईंनी दाराशी उभ्या असलेल्या यजमानांकडे पाहिले आणि नाव त्यांनीच सांगितले. दुपारनंतर प्रशिक्षिकेने चारचार सदस्यांचे गट पाडले आणि प्रत्येकीला आपल्या गावात पाणी कोठून कोठे जाते याचा खडूने जमिनीवर नकाशा काढायला लावले. यजमान मंडळी बाहेर चहाला गेली होती. या ताईंनी विहीर, टाकी, जलवाहिनी असे सारे काढले आणि एका ठिकाणी खडू थांबवून म्हणाल्या, "हितनं पुढं पाणी जातच नाही. दोन वर्षं झाली. आमच्या ह्यांनी सभेत कधी सांगितलंच नाही, कारण आमचं घर टाकीच्या अलीकडं आहे." गटातल्या बाकीच्या तिघी हसल्या. त्याही हसल्या, आणि मग जलवाहिनीच्या पुढची घरे एक एक करून मोजू लागल्या. ती चौदा भरली.