यमकाचा शोध : ‘आई’ आणि ‘वडील’



मागील घटकात आपण ओवी आणि अभंग यांची रचना पाहिली. ग्रांथिक ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा मोकळा असतो. मोठ्या अभंगात दुसऱ्या व तिसऱ्या चरणांच्या शेवटी यमक साधले जाते, हे तुमच्या लक्षात असेल. हे नियम उत्तरपत्रिकेत लिहिणे अवघड नाही. प्रत्यक्ष एखाद्या शब्दाला यमक शोधू लागलो म्हणजे मात्र वेगळेच प्रश्न उभे राहतात. म्हणून या घटकात आपण प्रत्येकाच्या घरातले दोन शब्द घेऊ आणि त्यांच्यासाठी यमके शोधून पाहू.

संज्ञेविषयी थोडे आधी सांगितले पाहिजे. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले आहेत. पुढील शास्त्रकारांनी यमकाचा अर्थ ‘त्याच अक्षरसमूहाची, त्याच क्रमाने, पण निराळ्या अर्थाने पुनरावृत्ती’ असा केला. वामन पंडितांना ‘यमक्या वामन’ हे नाव पडले ते या हौसेपायी. आज आपण चरणान्तीच्या ध्वनिसाम्याला यमक म्हणतो. संस्कृतात त्याचे नाव अन्त्यानुप्रास. या घटकात यमक हा शब्द मराठीतील रूढ अर्थानेच वापरला आहे.

‘आई’चे यमक कोठून सुरू होते?

‘आई’ या शब्दात व्यंजनच नाही. आ आणि ई हे दोन स्वर, एवढाच त्याचा ऐवज. स्वरान्त शब्दाचे पूर्ण यमक साधायचे, तर शेवटचा स्वर, त्याच्या आधीचा स्वर आणि या दोहोंमध्ये व्यंजन असल्यास तेही जुळावे लागते. त्याआधीचे व्यंजन मात्र वेगळे असावे. म्हणून ‘आई’शी पूर्ण यमक जुळणाऱ्या शब्दात ‘आ–ई’ हा गाभा सलग यायला हवा.

आता वर्णमाला हाताशी घ्या आणि एकेक व्यंजन या गाभ्याच्या आधी लावून मोठ्याने म्हणा: खाई, गाई, घाई, चाई, जाई, ताई, दाई, पाई, बाई, भाई, माई, राई, वाई, शाई. पाच मिनिटांत डझनभर शब्द मिळतात. (‘चाई’ म्हणजे डोक्यावरचे केस जाण्याचा रोग, कवितेत क्वचितच उपयोगी पडेल, पण यादी करताना निवड करू नये. निवड नंतर.) मग लांब शब्दांकडे वळा. मराठीत ‘-आई’ हा भाववाचक नामे घडवणारा प्रत्यय असल्यामुळे येथे खजिनाच उघडतो: चतुराई, नवलाई, महागाई. शिवाय अंगाई, आमराई, टंचाई, दिरंगाई, मनाई, लढाई, रोषणाई.

ही विपुलता सोयीची वाटते, आणि खरी अडचण तिच्यातच आहे. ‘आई’पाठोपाठ ‘अंगाई’ आणि ‘पुण्याई’ हे शब्द आपण न बोलावता येतात. ते इतक्या वेळा येऊन गेले आहेत की वाचकाला दुसरी ओळ ऐकण्यापूर्वीच ठाऊक असते. याउलट ‘आई’ आणि ‘शाई’ शेजारी आले, की रेशनच्या दुकानात अंगठा पुढे करणारी एखादी आई डोळ्यांपुढे उभी राहते. ‘आई’ आणि ‘मनाई’ यांत तिला काय काय करू दिले गेले नाही, याचा विचार सुरू होतो. यमक येथे नुसते नाद पुरवत नाही. लिहिणाऱ्याने न योजलेला विषय त्याच्या हाती देते.

एक सूक्ष्म भेद येथेच लक्षात घ्यावा. विठाई, तुकाई, जिजाई ही नावे ‘आई’शी जुळतात असे वाटते. पण त्यांच्या शेवटी बसलेली ‘आई’ ही तीच आई आहे. म्हणजे येथे यमक नसून त्याच शब्दाची पुनरुक्ती आहे. भक्तिगीतात ती शोभून दिसेल. यमक म्हणून तिची किंमत कमी.

विभक्तिप्रत्यय लागला म्हणजे आणखी एक गफलत होते. ‘आईला’ आणि ‘घाईला’ यांत ‘ला’च्या आधीचा गाभाही जुळतो. ‘आईला’ आणि ‘घराला’ यांत केवळ प्रत्यय जुळतो. मराठीत असे प्रत्ययी यमक कोणत्याही दोन नामांत साधता येते, म्हणूनच ते दुबळे. गझलेत हा भेद कटाक्षाने पाळला जातो. सुरेश भटांच्या ‘गझलेची बाराखडी’ या पुस्तिकेतील मांडणी ज्यांनी वाचली असेल, त्यांना येथे काफिया आणि रदीफ आठवतील: ‘ला’ रदीफसारखा कायम राहतो, आणि कस लागतो तो त्याच्या आधीच्या काफियाचा.

पूर्ण यमक टाळायचे असेल, तर निकट यमकाकडे जावे. ज्या जोडीत गाभ्याचा काही भाग जुळतो आणि काही निसटतो, तिला आपण येथे निकट यमक म्हणू. सनई, कढई, जावई या शब्दांत शेवटचा ई जुळतो, पण आधी आ नसून अ आहे. ‘जुई’मध्ये उ आहे, जाई-जुई ही जोडी आपण सहज म्हणतो, पण ‘आई’शी पुरते यमक जुळते ते जाईचेच. राणी, गाणी, पाणी यांत दोन्ही स्वर जुळतात, मध्ये ण येतो. आणि ‘माय’? अर्थाने सर्वांत जवळची, नादाने मात्र थोडी दूर, कारण तेथे ई आखडून य झाला आहे.

‘वडील’ : जेथे यादी संपते

एका संपर्कसत्रात एका विद्यार्थ्याने वडिलांवर लिहिलेली कविता वाचून दाखवली होती. तिची सुरुवात अशी होती:

उभा दारी बाप,
अंगी त्याच्या ताप.

मी त्यांना विचारले, “वडिलांना त्या दिवशी ताप होता का?” ते म्हणाले, “नाही सर. पण यमक जुळत नव्हतं.” घरी ते ‘वडील’ असेच म्हणत. ‘वडील’ला काही सापडेना, म्हणून ‘बाप’ घेतला. आणि ‘बाप’ला ताप, शाप, पाप, साप एवढे शब्द एका रांगेत उभे असतात की त्यांतल्या एकाने ओळ ताब्यात घेतली. ‘बाप’ हा शब्द उणा आहे, असे मुळीच नाही. ग्रामीण आणि दलित साहित्यात त्याला केवढे वजन आहे, हे तुम्ही पाहिले आहे. पण तो या मुलाचा शब्द नव्हता. शिवाय ‘बाप’ येतो, ‘वडील’ येतात. एक शब्द बदलला, की कवितेतील सगळी क्रियापदे आणि सर्वनामे बदलतात, आणि त्यांबरोबर मुलगा आणि वडील यांच्यामधले अंतरही. त्यांच्या वडिलांना न झालेला ताप मात्र कागदावर राहिला.

तर ‘वडील’ला खरोखरच यमक नाही का? शब्द व्यंजनान्त उच्चारला जातो, त्यामुळे किमान गाभा ‘–ईल’ एवढा. त्यात शील, अश्लील, पुढील, वरील हे शब्द बसतात. ‘वडील’ आदरार्थी बहुवचनी चालत असल्याने त्यांच्याविषयीचे भविष्यकाळी क्रियापदही आपोआप जुळते: येतील, बसतील, विचारतील. हे प्रत्ययी यमक खरे, पण जोडीतला एक शब्द अखंड असल्यामुळे ते ‘येतील–जातील’इतके पोकळ वाटत नाही.

आणखी मागे जाऊन ‘–अडील’ हा गाभा धरला, तर शब्दकोशात मूळ शब्द जवळजवळ सापडत नाहीत. पण ‘कडे’पासून घडलेली विशेषणे आठवून पाहा: इकडील, तिकडील, अलीकडील, पलीकडील. बोलताना आपण ‘पलीक्‌डील’ असे म्हणतो, क-मधला अ गिळतो. पद्य म्हणताना प्रत्येक अक्षर सुटे येते आणि यमक पूर्ण होते.

सायकल टेकवून दाराशी उभे वडील,
पिशवीत थोडी भाजी, नदीपलीकडील.

आता हीच पहिली ओळ निकट यमकाने पुढे नेऊ:

सायकल टेकवून दाराशी उभे वडील,
ओठांवर अर्धी राहिलेली एक शीळ.

येथे ल आणि ळ यांतला फरक कानाला किंचित अडखळवतो. मुलाला पाहून शीळ थांबवणाऱ्या वडिलांसाठी मला हे दुसरे यमक अधिक योग्य वाटते. तुमचे मत वेगळे असू शकते. दोन्ही ओळींत खोटा ताप नाही, एवढे खरे.

निकट यमक किती निकट, हे बोलीवरही ठरते. ज्या बोलींत ळचा उच्चार लकडे झुकतो, तेथे ‘वडील–शीळ’ जवळजवळ पूर्ण यमक होईल. वऱ्हाडीत ळच्या जागी य येतो, ‘काळा’चा ‘काया’ होतो. त्या कानाला ही जोडी दूरची वाटेल. म्हणून यमक डोळ्यांनी तपासू नका. ओळ मोठ्याने म्हणा, शक्य तर घरातल्या कोणाला तरी म्हणून दाखवा.

स्वयं-अध्ययनासाठी

१. तुम्ही घरात वडिलांना ज्या नावाने हाक मारता (बाबा, अण्णा, दादा, आबा, अप्पा किंवा दुसरे काही), त्या शब्दाचा यमकाचा गाभा ठरवा. वर्णमालेच्या क्रमाने जाऊन पूर्ण यमकांची यादी करा. उदाहरणार्थ ‘दादा’साठी सादा, वादा, इरादा, मर्यादा हे शब्द मिळतील, ‘राधा’ निकट का, ते एका वाक्यात सांगा.

२. त्या यादीतील जो शब्द सर्वांत आधी सुचला, तो खोडा. उरलेल्यांपैकी एक घेऊन, प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगावर दोन ओळी लिहा. यमकासाठी प्रसंगात काही बदलावे लागले असल्यास, ते काय, हे ओळींखाली नोंदवा.