निरोपाची वाट

मोबाइलवर निरोप पाठविण्याची अ‍ॅप्स पुष्कळ आहेत. तरीही आजोबा, आई आणि शाळकरी मुलगी ही एकाच घरातील माणसे बहुधा एकच अ‍ॅप वापरताना दिसतात. असे का व्हावे?

पूर्वी एसएमएसला पैसे पडत. दिवाळीसारख्या सणाला तर कंपन्या आपल्या सवलती बंद ठेवीत. ज्या दिवशी शुभेच्छा द्यावयाच्या, नेमका तोच दिवस महाग! २०११ साली जाहिरातींचा उपद्रव थांबविण्याकरिता दूरसंचार नियामक प्राधिकरणाने दिवसाला प्रथम १०० व पुढे २०० संदेशांची मर्यादा घातली. त्या सुमारास, जॅन कूम व ब्रायन अ‍ॅक्टन यांनी २००९ साली अमेरिकेत सुरू केलेले व्हॉट्सअ‍ॅप लोकांच्या हाती येऊ लागले होते. इंटरनेटचे पैसे भरले की प्रत्येक निरोपाचा निराळा खर्च नाही. परवलीचा शब्द पाठ करण्याची यातायात नाही. फोनचा क्रमांक हीच ओळख.

परंतु स्वस्ताई व सोय यांनी केवळ आरंभ होतो. आठवड्याच्या बाजारात विक्रेता जातो तो गिऱ्हाईक तेथे येते म्हणून, आणि गिऱ्हाईक जाते ते विक्रेता तेथे बसतो म्हणून. निरोपांचेही तसेच आहे. दोन माणसांत बोलणाऱ्यांची जोडी एकच. दहा माणसांत ४५ जोड्या होतात आणि शंभरांत ४,९५०! (हा हिशेब वहीत अवश्य करून पाहावा.) माणसे दसपट झाली, जोड्या मात्र ११० पट.

२०१२ साली भारतात हाइक नावाचे अ‍ॅप निघाले. त्यात भारतीय भाषांतील गमतीदार चित्रे होती. तरुणांना ते आवडलेही. पण मामाला निरोप धाडावयाचा, तर मामा व्हॉट्सअ‍ॅपवर! जानेवारी २०२१ मध्ये हाइकची संदेशसेवा बंद झाली. गुणी वस्तू अशी नाहीशी व्हावी, याचे वाईट वाटते.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने खासगी माहितीविषयीचे नवे नियम जाहीर केले. २०१४ सालीच ते फेसबुकने विकत घेतले होते. तेव्हा आपली माहिती तिकडे जाईल, या भीतीने अनेकांनी सिग्नल व टेलिग्राम घेतले. सिग्नल नफ्याकरिता चालत नाही. गंमत अशी, की व्हॉट्सअ‍ॅप सोडल्यावर स्वतः अ‍ॅक्टन यांनीच २०१८ साली त्या संस्थेला ५ कोटी डॉलर दिले होते. तथापि नवे अ‍ॅप घेणाऱ्या पुष्कळांनी जुने काढून टाकले नाही. शाळेच्या सूचना, पाणी येण्याची वेळ, गावच्या जत्रेची वर्गणी, सारे काही तेथेच ना!

टपालाची गोष्ट निराळी. साताऱ्यात पेटीत टाकलेले पत्र लंडनला पोहोचते. कारण १८७४ साली बर्न शहरी अनेक देशांनी परस्परांची पत्रे पोहोचविण्याचा करार केला. अ‍ॅप्सच्या भोवती मात्र भिंती आहेत. दुसऱ्या सेवेने मागणी केल्यास मोठ्या अ‍ॅपने आपले दार उघडावे, असा कायदा युरोपीय संघाने २०२२ साली केला. मार्च २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅपला तेथे तो पाळावा लागतो.