जुन्या संगणकीय फायलींचे वाचन व रूपांतर

माळशिरस तालुक्यातील वेळापूर, पिलीव यांसारख्या गावांतून ग्रामपंचायतींचा कारभार आज संगणकावर चालतो. तथापि, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टंकलिखित झालेली ग्रामसभेची इतिवृत्ते, लाभार्थ्यांच्या याद्या वा शाळांच्या स्मरणिका आजच्या संगणकावर उघडल्या असता मराठी मजकुराऐवजी निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसतात. ‘फाईल बिघडली’ असे समजून ती पुसून टाकण्याचा मोह होतो. वस्तुतः बहुतेक वेळा फाईल शाबूत असते. तिची किल्ली तेवढी हरवलेली असते.

अडचणीचे मूळ

संगणक अक्षर साठवीत नाही, अक्षराचा क्रमांक साठवितो. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. परंतु व्यवहारात अनेक वर्षे श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टचा वापर होत राहिला. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच मराठी अक्षरांची चित्रे बसविलेली असत आणि प्रत्येकाची योजना निराळी असे. साहजिकच तो फॉन्ट नसेल, तर इंग्रजी चिन्हेच दिसतात. युनिकोडमध्ये मात्र ‘क’ या अक्षरास २३२५ हा एकच क्रमांक सर्वत्र आहे. मोडी दस्तऐवजास जसा मोडी जाणणारा लागतो, तसा जुन्या फायलीस तिचा फॉन्ट लागतो.

पेजमेकरमधील फायलींची अडचण दुहेरी आहे. या प्रणालीची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये निघाली. लिब्रेऑफिस या विनामूल्य प्रणालीत २०१५ पासून पेजमेकरच्या फायली उघडण्याची सोय आहे. मात्र पानाची मांडणी तंतोतंत राहीलच असे नाही.

कार्यपद्धती

१. प्रथम मूळ फाईलची प्रत काढावी. सर्व प्रयोग प्रतीवरच करावेत.

२. नावाच्या शेवटची अक्षरे पाहून फाईल कोणत्या प्रणालीत तयार झाली ते ठरवावे.

३. मजकूर निवडून फॉन्टचे नाव नोंदवावे. तो फॉन्ट जुन्या संगणकावर वा मूळ मुद्रणालयात मिळू शकतो.

४. त्याच फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकाद्वारे मजकूर युनिकोडमध्ये आणावा. वैयक्तिक माहिती असलेल्या याद्या संकेतस्थळावरील परिवर्तकात टाकू नयेत. संगणकावरच चालणारा परिवर्तक वापरावा.

५. रूपांतरित मजकूर संपादनयोग्य फाईल व पीडीएफ अशा दोन्ही स्वरूपांत जतन करावा. मूळ फाईलही ठेवावी.

पडताळणी अपरिहार्य

जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठविली जाई. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. ‘वर्ग’ या शब्दातील रफार पूर्वी ‘ग’नंतर नोंदला जाई; आता त्याचा ‘र्’ आधी येतो. त्यामुळे ‘निधी’, ‘वर्ग’ यांसारख्या शब्दांत आणि जोडाक्षरांत चुका संभवतात. अंक, क्षेत्रफळ, रकमा व नावे कागदी प्रतीशी एकाने वाचून व दुसऱ्याने पाहून ताडावीत. एखाद्या नावातील वेलांटी हुकली, तरी उद्या त्या नागरिकास पुरावा सादर करताना अडचण येऊ शकते. रूपांतरित प्रत कामापुरती आहे. स्वाक्षरी असलेला मूळ कागद हाच अभिलेख होय, याचे भान ठेवावे.

जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यातील फायली व फॉन्ट काढून घेणे, एवढी दक्षता प्रत्येक कार्यालयाने व शाळेने घेतली, तरी गावाचा लिखित इतिहास पुढील पिढीच्या हाती सुखरूप पोहोचेल.