काळा घोडा : चित्र पाहायला शिकताना

(बी. ए. द्वितीय वर्ष)

इतिहासाच्या तासाला अजिंठा-वेरूळचा उल्लेख आला की आपल्या सर्वांची मान ताठ होते. परंतु आज, आपल्या हयातीत, जे चित्रकार चित्रे काढीत आहेत त्यांच्याविषयी आपण काय जाणतो, असे कोणी विचारले तर वर्गात शांतता पसरेल. फार तर उत्तर मिळेल, ‘ते मोठ्या लोकांचे काम. आपल्याला त्यातले काय कळते?’ हे उत्तर कितपत खरे आहे ते तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुंबईच्या काळा घोडा विभागात दोन दिवस हिंडण्याचा योग आला. त्या पाहणीच्या आधारे हे लिहीत आहे.

प्रथम नावाविषयी. १८७५ साली इंग्लंडचा युवराज एडवर्ड मुंबईस आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून आल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला व तो १८७९ साली उभारला गेला. पुतळा युवराजाचा, पण लोकांनी नाव घेतले ते घोड्याचे! १९६५ साली पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलविला, तरी नाव जागचे हलले नाही. २०१७ साली तेथे शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडविलेला नवा काळा घोडा उभा राहिला. या घोड्याच्या पाठीवर स्वार नाही. रस्त्याने जाणाऱ्या साध्या माणसांनी पुतळ्यात काय पाहिले, ते शेवटी शिल्पकारालाही मान्य करावे लागले, असे मला वाटते.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून पायी निघाले की वाटेत हुतात्मा चौक लागतो. पुढे विद्यापीठाचा राजाबाई टॉवर व १८७० साली पूर्ण झालेली डेव्हिड ससून वाचनालयाची पिवळ्या दगडाची इमारत दिसते. समोर जहांगीर कलादालन आणि त्याला लागूनच पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. १९०५ साली पाया घातलेली ही वास्तू १९२२ साली लोकांसाठी खुली झाली. मधल्या महायुद्धाच्या काळात तिचा उपयोग लष्करी रुग्णालय म्हणून झाला. जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पज्ञाने कुर्ल्याचा काळा पाषाण आणि मालाडचा पिवळा दगड वापरून ती बांधली. रस्त्यापलीकडील कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. १९९९ पासून या परिसरात काळा घोडा कला महोत्सवही भरतो. जुन्या लेखांतून वाचलेले ‘समोवार’ उपाहारगृह मात्र २०१५ साली बंद झाले आहे.

जहांगीर कलादालन १९५२ साली सुरू झाले. तेथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. तरीही माझे थोरले चुलतभाऊ, जे मुंबईत हमाली करतात, पायरीशीच थांबले. ‘आपल्याला आत घेतेत का?’ असे त्यांनी मला हळूच विचारले. कोणी अडविले नाही. तिकिटाची भिंत तेथे नाही, पण दुसरी एक भिंत आपण बरोबर घेऊन जातो. तिचाच विचार येथे करावयाचा आहे.

ज्यांच्या चित्रांनी या विभागाला कीर्ती मिळाली ते चित्रकार कोण होते? १९४७ साली ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन झाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे हे त्याचे संस्थापक. हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. मुंबईत त्यांनी सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरले. आरा सिकंदराबादजवळील बोलारमचे. त्या काळी आपला बीड जिल्हाही हैदराबाद संस्थानातच होता. आरांनी मुंबईत घरगडी म्हणून काम केले, मोटारी धुतल्या आणि उरल्या वेळात चित्रे काढली. युरोप सोडून आलेल्या लेडन, लँगहॅमर, श्लेसिंगर यांसारख्या रसिकांनी या तरुणांना आधार दिला. तेव्हा आधुनिक कला ही फक्त बंगल्यात जन्मली, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

आता ‘कळत नाही’ या तक्रारीकडे वळू. नागपूरला १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे हे या बाबतीत सर्वांत अवघड समजले जातात. त्यांच्या उत्तरकाळातील चित्रांत माणूस नाही, झाड नाही. रंगाचे थर आणि त्यांतून उमटणारे अस्फुट आकार आहेत. अशा एका चित्रापुढे दादा बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ‘पाऊस येण्याआधी आभाळ असंच गढूळतंय.’ हा त्या चित्राचा ‘अर्थ’ आहे असा माझा दावा नाही. पण त्यांनी चित्र पाहिले, एवढे निश्चित.

आमच्या नांदूरघाटला आजी गोधडी शिवते, तेव्हा जुन्या लुगड्याच्या लाल तुकड्याशेजारी काळा तुकडा लावते, मग मागे सरून पाहते आणि न पटल्यास उसवून टाकते. त्या गोधडीचा अर्थ काय, असे तिला आजवर कोणी विचारले नाही. रंग एकमेकांशेजारी शोभतात की नाही, एवढेच ती पाहते. बाजारात बैल घेणारा शेतकरीसुद्धा आधी लांबून एकूण ठेवण पाहतो, मग जवळ जाऊन खूर आणि दात तपासतो. चित्र पाहण्याची रीत याहून फार वेगळी नाही. आधी लांबून पाहावे, मग जवळून; रंग कसा लावला, कोठे खरवडला, ते शोधावे; चित्राचे नाव सर्वांत शेवटी वाचावे. आवडले नाही तर तसे म्हणावे, मात्र का आवडले नाही तेही सांगावे.

यावर एक आक्षेप घेता येईल. ज्या घरची माणसे सहा-सहा महिने ऊसतोडीला कोयता घेऊन जातात, त्यांना चित्रांचे काय? हा प्रश्न माझ्या घरचाच असल्याने मी तो टाळणार नाही. चित्राने उचल फिटत नाही, हे खरे. परंतु दिवसभर राबणाऱ्याच्या डोळ्यांना केवळ ऊसच दिसावा, असा नियम कोणी केला? घरगडी आरांनी तो मानला नाही.

मुंबई दूर आहे आणि प्रवासाला पैसे लागतात. म्हणून सुरुवात जवळून करावी. अंबाजोगाईच्या हत्तीखान्यातील दगडी हत्ती, बीडच्या कंकालेश्वर मंदिराची शिल्पे आपल्या जिल्ह्यातच आहेत. सहल काढून ती शांतपणे पाहता येतील. तसेच पुढील स्नेहसंमेलनात आपापल्या घरच्या गोधड्या आणून एका वर्गाच्या भिंतीवर टांगाव्यात, अशी सूचना मी प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मित्रांना करतो. पहिली गोधडी मी आणीन. आजीने होकार दिला आहे. फक्त ती परत धुऊन मिळावी, अशी तिची अट आहे.