समुद्रातील औषधे आणि कर्करोग

“डॉक्टर, समुद्रातल्या कुठल्याशा प्राण्यापासून कॅन्सरचे औषध निघाले म्हणतात, ते खरे का?” असे रुग्णांचे नातेवाईक मला अधूनमधून विचारतात. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा शार्क माशाच्या कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, भुकटीची जाहिरात असते. औषध निघाले हे खरे आहे. पण ती भुकटी घेऊ नये. असे का, ते आज पाहू.

समुद्रतळाशी खडकाला चिकटून राहणारा स्पंज हा एक प्राणी आहे. त्याला पळता येत नाही, दात नाहीत, नख्या नाहीत. शत्रूला दूर ठेवणारी तीव्र रसायने हेच त्याचे शस्त्र. १९५० च्या सुमारास वेर्नर बर्गमन या रसायनशास्त्रज्ञांना कॅरिबियन भागातील एका स्पंजात काही अनोखे पदार्थ सापडले. त्यांच्या रचनेवरून पुढे प्रयोगशाळेत सायटाराबिन हे औषध तयार झाले व १९६९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पेशीची वाढ होताना तिला नवा डीएनए बांधावा लागतो. सायटाराबिन त्या बांधकामात खोट्या विटेसारखे शिरते आणि काम तिथेच थांबते. काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात हे इंजेक्शन आपल्याकडेही दिले जाते.

दुसरे उदाहरण जपानचे. १९८६ साली तेथील शास्त्रज्ञांनी ६०० किलो स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन-बी हा पदार्थ वेगळा केला. हाती किती आला? अवघा १२.५ मिलिग्रॅम! गव्हाच्या एका दाण्याच्या वजनाच्या निम्मादेखील नाही. म्हणून त्या रेणूचा कामाचा भाग प्रयोगशाळेत नव्याने बनवावा लागला. तेच एरिब्युलिन. शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी २०१० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ७६२ स्त्रियांवरील चाचणीत हे औषध घेणाऱ्यांपैकी निम्म्या स्त्रिया सुमारे १३ महिन्यांहून अधिक जगल्या. इतर उपचार घेणाऱ्यांत हा काळ साडेदहा महिन्यांचा होता. फायदा खरा, पण मर्यादित. शिवाय पांढऱ्या पेशी कमी होणे, हातपाय बधिर होणे असे त्रासही होतात. म्हणून ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली शिरेतूनच दिले जाते.

आता भुकटीविषयी. शार्कला कर्करोग होत नाही, असा दावा करणारे एक पुस्तक १९९२ साली अमेरिकेत निघाले आणि या भुकटीला मोठे गिऱ्हाईक मिळाले. वास्तविक शार्कलाही कर्करोग होतो. त्याच्या नोंदी आहेत. शार्कच्या कूर्चेच्या अर्काची फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३७९ रुग्णांवर रीतसर चाचणीही झाली. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : अर्क घेणाऱ्यांचे आयुष्य वाढले नाही. आपल्या किनाऱ्यावर मिळणारी मुशी शार्कच्याच कुळातली. तिचे कालवण जरूर खावे. पण ते अन्न आहे, औषध नव्हे.

भुकटीने पैसे जातात, त्याहून मोलाचा वेळ जातो. स्तनातील गाठ सुपारीएवढी असताना निदान झालेल्या एक भगिनी ऑपरेशनच्या भीतीने चार महिने अशीच भुकटी घेत घरी थांबल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती आणि काखेतही गाठी हाताला लागत होत्या. जे काम आधी सोपे होते, ते फार अवघड होऊन बसले.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. समुद्रातून आलेले खरे औषध शुद्ध केलेले, मोजून दिलेले आणि रुग्णांवर पारखलेले असते. ‘नैसर्गिक’ एवढ्या एका शब्दावर विसंबू नये. कोणी भुकटी वा काढा सुचवला, तर तो डबा आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावा. संकोच करू नये. आणि काहीही झाले तरी ठरलेली केमोथेरपी, शेक किंवा ऑपरेशन आपल्या मनाने पुढे ढकलू नये.