पाठ ७ : ‘नको’ला कारण लागत नाही

आजी विचारते, “अजून एक पोळी वाढू का?” तू म्हणतेस, “नको.” इंग्रजीत इथेही ‘नो’ आणि “पेन आहे का?” या प्रश्नालाही ‘नो’. मराठीत मात्र शब्द वेगवेगळे आहेत.

नको : मला इच्छा नाही. “मला पोळी नको.”
नाही : ती गोष्ट नाही, किंवा मी ती करणार नाही. “माझ्याकडे पेन नाही.” “मी येणार नाही.”
नकोस / नका : दुसऱ्याला थांबवताना. “तू जाऊ नकोस.” “तुम्ही जाऊ नका.”

आता माझी एक गंमत ऐक. मी दहावीत असताना एका मैत्रिणीने उतरवून घ्यायला माझी प्रयोगाची वही मागितली. मला द्यायची नव्हती. पण ती नाराज होईल म्हणून मी म्हणाले, “आज वही आणली नाही गं.” संध्याकाळी ती थेट घरी हजर! वही द्यावीच लागली. माझं काय चुकलं? ‘नको’ म्हणायच्या जागी मी ‘नाही’ म्हणाले. ‘नाही’मागे कारण होतं आणि त्या कारणावर तिने उपाय शोधला.

तुझ्या वयात प्रश्न वहीपेक्षा मोठे असतात. समज, तुला आवडणारा मुलगा रात्री मेसेज करतो, “एक फोटो पाठव ना, तसला. सगळ्या पाठवतात. माझ्यावर विश्वास नाही का?”

तू लिहितेस, “आत्ता आई जवळ आहे.” तो लिहितो, “मग नंतर पाठव.” कारण संपलं की तू पुन्हा अडकलीस. त्याऐवजी ही तीन वाक्यं लिही :

१. मला नको.
२. मी असा फोटो पाठवणार नाही.
३. परत विचारू नकोस.

यात एकही कारण नाही, म्हणून त्याला वाद घालायला जागाच नाही. तो रुसला तर रुसू दे. तुझं ‘नको’ ऐकून जो थांबतो, तोच विश्वासाचा. आणि आपोआप पुसला जाणारा फोटोही सुरक्षित नसतो. दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढला की तो राहिलाच.

आणि फोटो आधीच पाठवला असेल तर? तो पुढे पसरवणं ही पसरवणाऱ्याची चूक आहे, तुझी नाही. अमेरिकेत ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. वयाच्या १८ वर्षांआधी काढलेल्या अशा फोटोंसाठी ती आहे. ती तुझा फोटो मागत नाही. तुझ्याच फोनवर त्या फोटोपासून अक्षरं-आकड्यांची एक ओळ तयार होते, जणू फोटोच्या अंगठ्याचा ठसा. फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून त्या आपल्या साइटवर तोच फोटो शोधून काढू शकतात. ब्रिटनमध्ये राहत असशील तर चाइल्डलाइनला ०८०० ११११ वर मोफत फोन करता येतो.

पण घरीही सांग. आई रागावेल याची भीती वाटते ना? मग सुरुवात अशी कर : “आई, मला तुझी मदत हवी आहे. आधी पूर्ण ऐक, मग बोल.” ‘नको’चा विरुद्धार्थी शब्द ‘हवं’. तोही म्हणता यायला हवा.

वर्गातल्या मुलांनो, हा पाठ तुमचाही आहे. समोरची ‘नको’ म्हणाली की “का?” विचारू नका.

शब्दार्थ
उतरवून घेणे : बघून तसंच्या तसं लिहिणे
रुसणे : रागावून बोलणं बंद करणे
ठसा : दाबल्यावर उमटलेली खूण

स्वाध्याय
१. योग्य शब्द लिही (नको, नाही, नकोस) :
अ) माझा पासवर्ड मागू ____.
आ) मी तुझ्या वतीने खोटं बोलणार ____.
इ) मला ती व्हेप ____.
२. ताईने वही न देण्यासाठी काय म्हणायला हवं होतं? एक वाक्य लिही.
३. अडचणीत तू कुणाला सांगशील? दोन मोठ्या माणसांची नावं वहीत लिही. मला दाखवायची गरज नाही.